डीजेचा दणका कमी मोजला जातो, ट्रम्पेट पूर्ण: संभाजीनगरच्या जयंतीत वाजवणाऱ्यांचं गणित काय?

एप्रिल उजाडला की सोशल मीडियावर एक वाद हमखास सुरू होतो. गणेशोत्सवात तोच, शिवजयंतीला तोच, ईद-ए-मिलादच्या जुलूसाच्या वेळीही तोच. 'डीजे बंद करा' म्हणणारे एका बाजूला, 'आमच्याच सणाला नियम का आठवतात' म्हणणारे दुसऱ्या बाजूला. व्हिडिओ फिरतात, स्क्रीनशॉट फिरतात, दोन-चार दिवसांत सगळं थंड होतं आणि पुढच्या मिरवणुकीला पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्या भांडणात एक माणूस मात्र कुठेच दिसत नाही. तो म्हणजे प्रत्यक्ष वाजवणारा. क्लॅरिनेटवाला, बेंजोवाला, ढोलकीवाला, भीमगीतं गाणारी बाई, नवा रॅपर. आवाजाचा नियम ज्याच्यावर लागू होतो आणि डीजे आल्यावर ज्याची सुपारी जाते, तो एकच माणूस असतो.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न जास्त टोकदार आहे. कारण या शहरात गावातल्या सगळ्या प्रकारच्या वादकांना वाव देणारा मंच कुठला, तर तो तिकीट लावून होणारा फेस्टिव्हल नाही. तो जयंतीचा रस्ता आहे.

फेस्टिव्हल कोणाचा?

शहरात संगीताचे मोठे मंच नाहीत असं नाही. पूर्वी वेरूळला कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर होणारा वेरूळ-अजिंठा महोत्सव पुढे विद्यापीठाजवळच्या सोनेरी महालात आला, मधली काही वर्षं बंद राहिला आणि 2023 च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाला. एमजीएमच्या महागामी गुरुकुलात शार्ङ्गदेव समारोह होतो. 13 व्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरीत 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाच्या नावाने. दोन्ही महोत्सव चांगले, पण तिथल्या मुख्य कार्यक्रमासाठी लोक येतात ते देशभर नाव झालेल्या कलाकारांना ऐकायला. सिडकोतल्या किंवा उस्मानपुऱ्यातल्या वाद्यवृंदासाठी ते मंच नाहीत आणि तसा दावाही कोणी करत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव त्यापेक्षा स्थानिक. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे संघ येतात. पोवाडा, भारूड, लोकवाद्यवृंद, समूहगान, पाश्चात्त्य गायन असं सगळं एका आवारात ऐकायला मिळतं. पण कॉलेज संपलं की तो मंचही संपला.

उरतात दोन तारखा. 14 एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. आणि 14 जानेवारी, विद्यापीठाचा नामविस्तार दिन. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 ला केला. त्यानंतर मराठवाड्यात दंगली झाल्या, दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नाव प्रत्यक्षात लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर मराठवाड्यातून लोक येतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात, वेगवेगळ्या पक्षांच्या आणि गटांच्या वेगवेगळ्या सभा होतात आणि नेते यायच्या आधी गाणी होतात. नेते उशिरा येतात, हे गायकांच्या पथ्यावर पडतं.

14 एप्रिलला शहर क्रांती चौकातून भडकल गेटकडे सरकत असतं. तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे. वस्त्यावस्त्यांतून मंडळांचे देखावे निघतात आणि प्रत्येक मंडळासोबत काही ना काही वाजत असतं.

काय काय वाजतं?

पहिलं, बँड. म्हणजे क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम आणि मोठा ढोल. लष्करी पलटणींतून आलेला हा वाद्यमेळ लग्नाच्या वरातीत असा मुरला की तो आता आपलाच वाटतो. लगीनसराई हा त्याचा मुख्य हंगाम आणि एप्रिलमधली जयंती त्याच हंगामात येते.

दुसरं, बेंजो. नाव अमेरिकन बँजोवरून आलेलं, वाद्य मात्र वेगळंच. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे तंतुवाद्य म्हणजे आपलं बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानी, 1912 च्या सुमाराचा 'ताइशोगोतो'. त्याला पिकअप लावून स्पीकरला जोडलं, सोबत ताशा, ढोल आणि पॅड घेतलं की झाली बेंजो पार्टी. नागोयात जन्मलेलं वाद्य मराठी मिरवणुकीचा सूर ठरलं, हे या वाद्याने कुणाला विचारून केलेलं नाही. रवी जाधव यांचा 2016 चा 'बँजो' हा सिनेमा याच वादकांवर होता.

तिसरं, मंचावरचं गाणं. पोस्टरवर 'भीम-बुद्ध गीतांचा दुरंगी सामना' असं छापलेलं असतं. म्हणजे दोन पार्ट्या, एकीने प्रश्न टाकायचा, दुसरीने गाण्यातून उत्तर द्यायचं. हा साचा कव्वालीचा आहे, आणि या भागात कव्वाली परकी कधीच नव्हती. खुलताबादचे दर्गे इथून तासाभराच्या आत आहेत. 18 व्या शतकातल्या सिराज औरंगाबादी यांची एक गझल तर आजही भारत-पाकिस्तानातले कव्वाल गातात. भीमगीतांनी हा साचा उचलला आणि त्यात नवा मजकूर भरला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922-2004) यांची गाणी या मंचांवर आजही पहिल्या तासात येतात.

चौथं, एकटा आवाज. कडूबाई खरात याच शहरातल्या. हातात एकतारी, मागे ना कोरस ना स्पीकरची भिंत. दारोदार गाणी गाऊन पोट भरणाऱ्या या बाईंचे व्हिडिओ मोबाइलवरून राज्यभर गेले. शहरातलं सगळ्यात हळू वाजणारं वाद्य सगळ्यात लांब पोहोचलं, हे डीजेच्या वादात कुणीच लक्षात घेत नाही.

आणि आता रॅप आणि रॉक. मुंबईत 'धम्म विंग्ज' हा बौद्ध रॉक बँड उभा राहिला. चेन्नईत 2018 च्या जानेवारीत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने पहिला कार्यक्रम केला आणि तिथला गाना, रॅप आणि रॉक एका मंचावर आला. मराठीत रॅप करणाऱ्या पोरांना हे सगळं मोबाइलवर दिसतं. त्यांनाही जयंतीच्या मंचावर दहा मिनिटं हवी असतात.

या सगळ्यांच्या पुढे किंवा मागे उभा असतो ट्रक. त्यावर स्पीकरची भिंत, जनरेटर, लाइट आणि एक लॅपटॉप.

वाजवण्याचा हक्क हा साधा विषय नाही

नियमांकडे वळण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर 'आमच्याच सणाला का?' हा प्रश्न नुसता हट्ट वाटतो.

गावगाड्यात वाजवणं हे जातीने नेमून दिलेलं काम होतं. हलगी कुणी वाजवायची, कुणाच्या दारात वाजवायची, बदल्यात काय मिळणार, हे सगळं ठरलेलं. वाजवणाऱ्याला स्वतःच्या लग्नाची वरात मात्र वाजतगाजत गावातून नेता येईलच असं नव्हतं. मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची आणि कोणत्या चौकात वाजवायचं यावरून महाराष्ट्रात मारामाऱ्या झाल्या आहेत, आणि तो विषय पूर्ण संपलेला नाही.

आंबेडकरी चळवळीने हे उलटं केलं. सत्यशोधकी जलशांचा वारसा घेऊन आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी 1928 मध्ये पुण्यात बाबासाहेबांची जयंती सार्वजनिकरीत्या साजरी केली, तीच पहिली मानली जाते. दुसऱ्याच्या दारात वाजवणारे लोक स्वतःच्या माणसासाठी, स्वतःच्या पैशाने, मुख्य रस्त्यावर वाजवू लागले. संभाजीनगरात तर या गाण्यांना कॉलेजचीही साथ मिळाली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं इथलं कॉलेज, म्हणजे आजचं मिलिंद महाविद्यालय, 1950 मध्ये सुरू झालं. नागसेनवनात शिकलेल्या पिढ्यांनी दलित साहित्य लिहिलं, तशी गाणीही लिहिली.

त्यामुळे पोलीस 'आवाज कमी करा' म्हणतात तेव्हा अनेकांना त्यात जुना हुकूम ऐकू येतो. हे खरं आहे. आणि चौकातल्या घरात आजारी म्हातारा झोपलेला असतो, हेही तितकंच खरं आहे. ते घर बहुतेक वेळा त्याच वस्तीतलं, त्याच समाजाचं असतं.

नियम नेमका काय म्हणतो?

केंद्र सरकारचे ध्वनी प्रदूषण नियम 2000 सालचे. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यावर सविस्तर निकाल दिला. थोडक्यात सांगायचं तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्या जागेवर लाऊडस्पीकर बंद. 2010 च्या दुरुस्तीनंतर फक्त लाऊडस्पीकर नाही, तर वाद्यंसुद्धा बंद. म्हणजे रात्री साडेदहाला बिनमाइकचा ढोल वाजवणं हाही नियमभंगच. बंद सभागृहात, आतल्या आत वाजणाऱ्या कार्यक्रमाला ही बंदी नाही.

सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. डॉ. आंबेडकर जयंती या यादीत सहसा असते. शिवजयंती, गणेशोत्सव आणि नवरात्रीतले काही दिवस, 31 डिसेंबर, असे दिवस त्यातच बसवायचे असतात. सगळ्या धर्मांचे, सगळ्या समाजांचे मिळून 15.

आता डेसिबल. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45, व्यापारी भागात 65 आणि 55, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. हे आकडे सगळीकडे फिरतात. पण सणांच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम वेगळाच आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. सार्वजनिक जागी लाऊडस्पीकर किंवा इतर आवाजाचं साधन वापरलं तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज किती असावा? त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 ने जास्त, किंवा 75, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे रहिवासी भागात दिवसा 65.

65 डेसिबल म्हणजे किती? दोन माणसं जरा चढ्या आवाजात बोलली की तेवढं होतं.

आणि बँड? ड्रम, ट्रम्पेट, ढोल, ताशा यांचा आवाज काही मीटरवर 90 च्या पुढे सहज जातो. माइक नसताना. समजा एखाद्या पथकाचा आवाज 10 मीटरवर 95 डेसिबल आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. 20 मीटरवर 89, 40 वर 83, 80 वर 77, 160 वर 71. 65 पर्यंत यायला 320 मीटर लागतात. गुलमंडीच्या किंवा पैठण गेटच्या रस्त्यांवर 320 मीटरची मोकळी जागा कुठून आणायची? तिथे दोन्ही बाजूंना इमारती, आवाज भिंतींवर आपटून परत येतो, उतरतही नाही.

म्हणजे कागदावर नियम असा आहे की डीजे तो मोडतोच, पण ब्रास बँडही मोडतो आणि ढोलपथकही मोडतं. जो नियम वाजवणाऱ्या कुणालाच पाळता येत नाही, तिथे प्रश्न 'कुणी मोडला' हा राहत नाही. 'कुणावर कारवाई करायची' हा होतो. आणि ते ठरतं पोलीस ठाण्यात. मागे नगरसेवक असलेलं मंडळ आणि चार गावं फिरून पोट भरणारी बेंजो पार्टी यात कुणाची बाजू पडती असेल, हे सांगायची गरज नाही.

मीटर कुणाच्या बाजूने?

इथे एक तांत्रिक गोष्ट येते. थोडी किचकट आहे, पण डीजेच्या वादातला मोठा घोळ तिच्यातच आहे.

नियमातले डेसिबल हे नुसते डेसिबल नाहीत, ते 'ए' पट्टीवरचे डेसिबल आहेत. माणसाच्या कानाला मध्यम आणि वरच्या पट्टीतले आवाज जास्त चांगले ऐकू येतात, खर्जातले कमी. त्यामुळे मीटरही खर्जातला आवाज कमी करून मोजतो. किती कमी? 63 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे डीजेचा 'बास' जिथे दणदणतो तिथे, तब्बल 26 डेसिबल वजा होतात. 1000 हर्ट्झला काहीच वजा होत नाही. 2000 ला उलट एकाने वाढतो.

याचा अर्थ असा. 63 हर्ट्झचा 100 डेसिबलचा दणका मीटरवर 74 दिसतो. ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेटची ताकद ज्या पट्टीत असते, तिथला 100 डेसिबलचा सूर मीटरवर 100 दिसतो.

पण घरातल्या माणसाला काय जाणवतं? तावदानं थरथरतात ती खर्जाने. छातीत धडधडल्यासारखं होतं ते खर्जाने. खिडकी लावून घेतली तरी आत येतो तो खर्ज, कारण जाड भिंत वरचे सूर अडवते, खालचे तितके अडवत नाही. तीन गल्ल्या पलीकडे गाणं कोणतं ते कळत नाही, ठोका मात्र कळतो. ज्या आवाजाची लोकांची तक्रार आहे, नेमका तोच मीटर सगळ्यात कमी मोजतो.

याचा अर्थ डीजे मीटरमधून सुटतो असा नाही. तो बाकीच्या पट्ट्यांतही एवढा मोठा असतो की 75 ची मर्यादा कधीच ओलांडतो. पण डीजे आणि बँड दोघांनाही 'नियमापेक्षा जास्त' याच एका रकान्यात टाकलं की त्या दोघांमधला खरा फरक कागदावर उरत नाही. हा फरक मोजणं शक्य आहे. 'सी' पट्टीवर 63 हर्ट्झला जेमतेम एक डेसिबल वजा होतो. फ्रान्सने 2017 मध्ये कार्यक्रमांसाठी दोन मर्यादा घातल्या: 15 मिनिटांच्या सरासरीने 'ए' पट्टीवर 102 आणि 'सी' पट्टीवर 118. दुसरी मर्यादा खास खर्जासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी 'ए' पट्टीवर 100 डेसिबलची 15 मिनिटांची सरासरी सुचवली.

हे आकडे आपल्या 65 किंवा 75 पेक्षा फार मोठे वाटतील. कारण ते ऐकायला आलेल्या माणसाच्या कानासाठी आहेत, आपले शेजाऱ्याच्या झोपेसाठी. दोन्ही लागतात. आपल्याकडे पहिला प्रश्न, म्हणजे ट्रकसमोर चार तास नाचणाऱ्या पोराच्या कानाचं काय, हा नियमात जवळपास येतच नाही.

कोर्टाने काय केलं?

डीजेबाबत मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका बरीच वर्षं कडक आहे. 2016 च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने ध्वनी प्रदूषणाबाबत राज्याला सविस्तर आदेश दिले. 2018 च्या गणेश विसर्जनाआधी साउंड व्यावसायिकांच्या संघटनेने दिलासा मागितला, तो मिळाला नाही. 23 जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव उघड न करता कारवाई करावी, आधी समज, मग दंड, मग जप्ती असा क्रम असावा, आणि लाऊडस्पीकरमध्येच आवाजाची मर्यादा बसवण्याचा विचार सरकारने करावा, असंही त्यात होतं.

यातली शेवटची सूचना वाजवणाऱ्यांच्या दृष्टीने कामाची आहे. मर्यादा यंत्रात बसवली तर ती ट्रकला लागते, बिनमाइकच्या क्लॅरिनेटला नाही.

वाद्यांबाबत मात्र गोष्ट वेगळी झाली. 2024 च्या गणेशोत्सवाआधी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ढोल-ताशा पथकांत 30 पेक्षा जास्त वादक नसावेत असं सांगितलं. पथकं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 12 सप्टेंबरला त्या अटीला स्थगिती मिळाली. पुण्याच्या पथकांकडे वकील होते, संघटना होती आणि शहराचं कौतुकही होतं. 2025 मध्ये राज्य सरकारने गणेशोत्सवाला 'राज्य महोत्सव' जाहीर केल्यावर तर त्यांची बाजू आणखी भक्कम झाली. मराठवाड्यातल्या बेंजो पार्टीला दिल्लीपर्यंत नेणारी अशी संघटना नाही. त्यामुळे तिचा प्रश्न कोर्टासमोर येतच नाही, आणि जो प्रश्न कोर्टासमोर येत नाही त्यावर बातमीही होत नाही.

मग मंडळं बँड का बोलवत नाहीत?

कारण सरळ आहे. मंडळाची वर्गणी ठरलेली असते आणि त्यात सगळ्यात जास्त दिसणारी आणि ऐकू येणारी गोष्ट घ्यायची असते. 20 माणसांच्या बँडला 20 जणांची मजुरी, प्रवास, जेवण, गणवेश. डीजेला ट्रक, डिझेल आणि चार माणसं. बँडवाला तासाभराने दम घेतो, लॅपटॉप घेत नाही. शिवाय पोरांना हवं ते गाणं, हव्या त्या रिमिक्समध्ये, लगेच मिळतं.

त्यात चढाओढ असते. शेजारच्या मंडळाची भिंत मोठी असेल तर आपली त्याहून मोठी. इथे डेसिबलचं गणित पुन्हा गंमत करतं. तेच स्पीकर दुप्पट केले तर मीटरवर साधारण 3 डेसिबल वाढतात, आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. भाडं मात्र दुप्पट होतं. दोन मंडळं एकमेकांना हरवण्यासाठी जो पैसा घालतात त्यातला बराचसा ऐकूच येत नाही. तेवढ्या पैशात एक गायन पार्टी नक्की येईल.

कायद्यात कलाकाराला थोडी मदतही आहे, पण ती तुकड्यांत. लोककला किंवा शास्त्रीय संगीत सादर करणाऱ्या कलाकाराच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. भारूड, पोवाडा यात नक्की बसतात. रॅप आणि रॉक बसत नाहीत. भीमगीत लोककला आहे की नाही? पंचाहत्तर वर्षं लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्याला दुसरं काय म्हणायचं, पण करखात्याच्या फाइलवर हे उत्तर चालेलच असं नाही. लहान पार्ट्यांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आतच असते, त्यामुळे नोंदणीचा प्रश्न त्यांना सहसा येत नाही. वाद येतो तो मोठे कार्यक्रम घेणाऱ्यांना.

गाण्यांच्या हक्काचंही तसंच. कॉपीराइट कायद्यात धार्मिक समारंभात, लग्नाच्या वरातीत आणि सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकृत समारंभात गाणं वाजवायला सूट आहे. मंडळाची जयंती यातल्या नेमक्या कोणत्या खान्यात बसते, यावर वाद होऊ शकतो. दुसरीकडे, वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क कायद्याने 2064 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे, किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे, राहतो. मंचावर रोज वाजणाऱ्या आणि यूट्यूबवर लाखोंनी ऐकल्या जाणाऱ्या भीमगीतांच्या किती कवींच्या घरी त्याचा रुपया पोहोचतो, हा प्रश्न डीजेच्या वादापेक्षा जुना आहे.

करता काय येईल?

बंदी हा सगळ्यात सोपा उपाय आणि तो अर्धवट लागतो. डीजेवर बंदी घालून मंडळांना नुसतं 'पारंपरिक वाद्यं वापरा' सांगितलं की वादक अचानक मिळत नाहीत. बँड दहा वर्षं सुपारीविना राहिला की त्यातली पोरं रिक्षा चालवायला किंवा वाळूजच्या कंपन्यांत जातात. क्लॅरिनेट शिकायला वर्षं लागतात, ट्रक भाड्याने घ्यायला एक फोन.

नियमाच्या आत राहूनही काही गोष्टी जमतात. मिरवणूक आणि मंच वेगळे करता येतात. रस्त्यावर चालतं ते बिनमाइकचं, आणि माइकचं सगळं एका मैदानात. आमखास मैदानासारखी जागा शहरात आहे. मंच एका जागी असला की स्पीकरची तोंडं वस्तीकडून वळवता येतात, मीटर हद्दीवर ठेवता येतो आणि खर्जही आवरता येतो. हलत्या ट्रकबाबत यातलं काहीच होत नाही. रात्री दहानंतर गाणं हवं असेल तर बंद सभागृह हा कायदेशीर मार्ग आहे, पण मग संत एकनाथ रंगमंदिर किंवा संत तुकाराम नाट्यगृहाचं भाडं वस्तीतल्या मंडळाला परवडायला हवं.

वाजवणाऱ्यांनी सुपारी घेतानाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. परवानगी कुणाच्या नावावर आहे आणि ती किती वाजेपर्यंत आहे. कारण जप्तीची वेळ आली तर आधी हाताला लागतं ते मंचावरचं सामान, आणि ते बहुतेक वेळा वाजवणाऱ्याच्या मालकीचं किंवा त्याच्या नावावर भाड्याने आणलेलं असतं.

वेळेचाही हिशोब आहे. 14 जानेवारीला संभाजीनगरात सूर्य मावळतो सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. त्या दिवशी बारापर्यंतची सूट नसेल तर दहापर्यंत चार तासही हाताशी नसतात, आणि त्यात गेटवरच्या सगळ्या सभा, सगळ्या नेत्यांची भाषणं आणि सगळी गाणी बसवायची. 14 एप्रिलला सूर्यास्त पावणेसातला. सूट असली तर बारापर्यंत सव्वापाच तास मिळतात. बेंजो, बँड, दुरंगी सामना आणि नवा रॅपर, सगळ्यांना पुरेल एवढा हा वेळ आहे. अट एकच, पहिला ट्रक चौकात तीन तास अडकून राहू नये.